भाचीला एमएलडी असल्याचे निदान झाले आहे. जीन थेरपीसाठी लोकवर्गणी सुरू करावी का?

आपल्या ताईंच्या तीन वर्षांच्या मुलीला मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजे एमएलडी, हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार असल्याचे गेल्या महिन्यात कळले, तिचे चालणे आणि बोलणे जवळपास थांबले आहे, आणि परदेशातील जीन थेरपीसाठी घरच्यांनी लोकवर्गणी सुरू करावी का, असा आपला प्रश्न आहे. शेवटी आपण ओघात लिहिले आहे की, तिला आठ महिन्यांचा धाकटा भाऊ असून तो ठणठणीत आहे. मला आपल्या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत तातडीचे वाक्य तेच वाटते. भाचीसाठी वर्गणीची घाई करू नये; भाच्याची तपासणी मात्र याच आठवड्यात करावी.

मी डॉक्टर नाही. नागपुरात राहतो, आणि माझ्या मुलाला याच आजाराचा हाच, बालपणी लवकर सुरू होणारा प्रकार आहे. तो आता सात वर्षांचा आहे. सव्वा वर्षाचा असताना तो चालू लागला आणि १९व्या महिन्यापासून टाचा टेकवेनासा झाला. आंघोळीनंतर न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे उमटत, आणि त्यांत टाच नसे. माझ्या आईच्या लक्षात हे आमच्या आधी आले. एका डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिले, दुसऱ्यांनी बूट बदलायला सांगितले, आणि "घाबरू नका जी, मुलगे उशिराच चालतात" हे तर आम्हाला भेटेल त्याने ऐकवले. एमआरआय होईपर्यंत तो २७ महिन्यांचा झाला होता आणि आधाराशिवाय बसूही शकत नव्हता.

आजाराचे मूळ २२व्या गुणसूत्रावरील एआरएसए या जनुकात आहे. या जनुकापासून आरिलसल्फाटेज ए नावाचे एन्झाइम तयार होते, आणि सल्फाटाइड नावाच्या स्निग्ध पदार्थाचा निचरा करणे हे त्याचे काम. एन्झाइम नसले की सल्फाटाइड पेशींमध्ये साचत जाते, त्यात मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण तयार करणाऱ्या पेशी मरतात, आणि मेंदूतले तसेच हातापायांतले तंतू उघडे पडत जातात. मूल जन्मतः निरोगी दिसते, बसायला, चालायला, दोन शब्द बोलायला शिकते आणि मग शिकलेले एकेक गमावू लागते. विदर्भातल्या माणसाला याची आनुवंशिकता वेगळी समजावून सांगावी लागत नाही: सिकलसेल या रक्ताच्या आजारात आईवडील दोघेही 'एएस', म्हणजे सदोष जनुकाचे नुसते वाहक, असले की प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस', म्हणजे आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के असते, अगदी तसेच इथे आहे. थोरल्या मुलाला आजार झाला म्हणून धाकट्याची शक्यता कमी होत नाही. ताईंच्या सासरी हा दोष कोणी एकट्या त्यांच्या माथी मारत असेल, तर आपण मामा या नात्याने हेही तिथे स्पष्ट सांगावे की, सदोष जनुक दोघांकडूनही आलेले असते.

आता उपचाराविषयी. बाहेरून एन्झाइम टोचून भागत नाही, कारण रक्तातून ते मेंदूत शिरू शकत नाही. मिलानच्या सान राफाएले संस्थेतील संशोधकांनी त्यावर आडवाटेने उपाय काढला. मुलाच्याच स्टेम सेल्स, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून घ्यायच्या, एचआयव्हीपासून बनवलेल्या पण रोग निर्माण करू न शकणाऱ्या विषाणूच्या मदतीने त्यांत एआरएसएची चांगली प्रत घालायची, बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची आणि त्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत सोडायच्या. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील काही पेशी मेंदूत जाऊन स्थिरावतात आणि नेहमीपेक्षा जास्त एन्झाइम तयार करतात, जे शेजारच्या पेशी शोषून घेतात. पेशी मुलाच्या स्वतःच्या असल्यामुळे दाता शोधावा लागत नाही. मात्र त्या मेंदूत पोहोचून कामाला लागेपर्यंत महिने जातात, लक्षणे सुरू झालेल्या लहान मुलातील आजार तेवढा वेळ थांबत नाही, आणि नष्ट झालेले मायलिन या उपचाराने परत येत नाही. म्हणूनच युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मिळालेली मान्यता मुख्यतः लक्षणे दिसण्यापूर्वीच्या मुलांसाठी आहे. अपवाद आहे तो थोड्या उशिरा सुरू होणाऱ्या प्रकारातील, अगदी सुरुवातीची लक्षणे असलेल्या मुलांचा. आपली भाची दुर्दैवाने यांत बसत नाही, आणि पैसे उभे राहिले तरी बसणार नाही.

वेळेवर उपचार मिळालेल्या मुलांचे आकडे मात्र थक्क करणारे आहेत. अमेरिकेच्या मान्यतेसाठी ३७ मुलांची माहिती तपासण्यात आली. त्यांपैकी लवकर सुरू होणारा प्रकार असलेली, पण लक्षणांपूर्वी उपचार मिळालेली सर्व मुले सहाव्या वर्षी हयात होती. उपचार न मिळालेल्यांत हे प्रमाण ५८ टक्के होते. उपचार मिळालेल्यांतील ७१ टक्के मुले पाचव्या वर्षी आधाराशिवाय चालत होती. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती केवळ आनंदाने उडालेली नव्हती. धोकेही आहेतच: गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, मेंदूला सूज, आणि विषाणूने जनुक चुकीच्या जागी घातल्यास पुढे रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता, ज्यासाठी मुलावर अनेक वर्षे लक्ष ठेवले जाते.

किंमत अमेरिकेत ४२ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे ३५ कोटी रुपयांहून अधिक आहे. आपल्याकडील दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक केंद्रांतून, ज्यांत मुंबईतील परळचे केईएम रुग्णालय आहे, ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्या रकमेचे या किमतीशी काही गणित जुळत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये याच पद्धतीने हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पाच रुग्णांवर उपचार झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे तंत्र देशात आले आहे एवढे म्हणता येते. भाच्याचा अहवाल सदोष आला, तर वर्गणी, परदेशातील केंद्रांशी पत्रव्यवहार आणि दात्याकडून बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार हे सगळे एकदम आणि धावत करावे लागेल. गावभर शब्द टाकायचा तो तेव्हा.

तपासणीला काही हजार रुपये लागतात. भाचीच्या जनुकातील दोष अहवालात लिहिलेला असेल, तर भाच्यात नेमका तोच शोधायला सांगावे. केवळ एन्झाइमच्या चाचणीवर विसंबू नये, कारण काही पूर्ण निरोगी माणसांतही ते कमी भरते. शंका असल्यास लघवीतील सल्फाटाइड मोजतात. एन्झाइमच्या चाचणीला ताजे रक्त लागते. माझ्या मुलाचे पहिले सॅम्पल मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, ४५ अंशांच्या उन्हात नागपुरातून मुंबईला निघाले, रविवारभर कुठेतरी पडून राहिले आणि खराब झाले म्हणून परत मागवले गेले. रक्त सोमवारी सकाळी द्यावे. माझ्या धाकट्या मुलीची तपासणी तर आम्ही स्वतः हट्ट धरल्यावर झाली, तोवर कोणी ती सुचवलीही नव्हती. ती पाच महिन्यांची होती आणि अहवाल चांगला आला. ताईंना पुढे आणखी मूल हवे असेल, तर गर्भाची हीच तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होऊ शकते.

भाचीसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त ते मिलानमध्ये नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे, फिजिओथेरपी, झटक्यांवर लक्ष, आणि वेळेवर पोटातून बसवलेली अन्न भरवण्याची नळी यांनी तिचे दिवस खूप सुसह्य होतात. नळीचा निर्णय आम्ही आठ महिने लांबवला, कारण चमच्याने भरवणे हे मुलाच्या आईला सोडवत नव्हते. त्या आठ महिन्यांत घास श्वासनलिकेत जाऊन त्याला दोनदा न्यूमोनिया झाला आणि दीड किलो वजन घटले. ताईंशी हा विषय काढताना आपण आधी भाचीचे दर महिन्याचे वजन एका कागदावर लिहून न्यावे.