हातात असलेले पान

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. रविवारच्या वाचनकट्ट्यावर प्रत्येकाने सध्या आपण काय वाचतो आहोत ते सांगायचे होते. तुझी पाळी आली तेव्हा तुझ्या पिशवीत 'बनगरवाडी' होती आणि तू नाव घेतलेस ते एका सहाशे पानी इतिहासग्रंथाचे, जो विकत घेऊन चार महिने झाले तरी त्याचे पहिले प्रकरण तुझ्याकडून ओलांडले गेलेले नाही. आता तू मला विचारतेस की, तो ग्रंथ महिनाभरात कसाही वाचून काढावा म्हणजे बोललेले खरे होईल, की कट्ट्यावर जाणेच बंद करावे. यांपैकी काहीही करू नकोस. पुढच्या रविवारी जा आणि सांग की, मी 'बनगरवाडी' वाचते आहे, दुसऱ्यांदा वाचते आहे आणि अमुक पानावर आहे.

जे हातात आहे तेच सांगावे आणि ज्या पानावर असू ते पान सांगावे. मला तुला एवढेच सांगायचे आहे आणि हे पत्र संपेपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण मला ते फार उशिरा कळले.

'बनगरवाडी तर सगळ्यांनी शाळेतच वाचलेली असते, ती सांगायला संकोच वाटला', असे तू लिहिले आहेस. हे वाक्य वाचून मला राग आला, तो तुझ्यावर कमी आणि ज्या हवेत तू बसतेस तिच्यावर जास्त. व्यंकटेश माडगूळकरांनी तिशीही गाठलेली नसताना लिहिलेली, १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा असते पण मुले नसतात, हळूहळू तो गावाचा होतो, तालीम उभी राहते आणि शेवटी दुष्काळ पडून गावच उठून जाते. शाळेत असताना हे आपण एका शिक्षकाची गोष्ट म्हणून वाचतो. तू आता स्वतः पहिल्या नोकरीच्या गावी परकेपणाने राहते आहेस. तू जी 'बनगरवाडी' वाचते आहेस ती शाळेत कोणीही वाचलेली नाही. आणि गंमत म्हणजे याचा पुरावा तुझ्याच पत्रात आहे. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः औताला लागते, ते वाचून तू पुस्तक मिटलेस आणि कितीतरी वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिलीस, असे तू चार ओळींत लिहिले आहेस. कट्ट्यावर सांगायच्या होत्या त्या या चार ओळी. त्या तू तीन जिल्हे ओलांडून मला लिहिल्यास आणि समोर बसलेल्या माणसांना एका न वाचलेल्या ग्रंथाचे नाव दिलेस.

तुला वाटते तसे हे खोटे लहान नाही. मी २३ वर्षांचा असताना, नोकरीसाठी एका मोठ्या शहरात राहत होतो तेव्हा, काही मित्र शनिवारी एका खोलीत जमत आणि पुस्तकांविषयी बोलत. त्या आठवड्यात मी विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' हातात घेतले होते. १९३९ सालची, महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर घडणारी ती लहानशी कादंबरी मी चाळीस पाने वाचली होती आणि ती चाळीस पाने मला झोपू देत नव्हती. तेवढे सांगितले असते तरी पुरले असते. पण इतर सगळे पूर्ण वाचलेल्या माणसांसारखे बोलत होते, म्हणून मीही तसाच बोलू लागलो. मग कोणी तरी विचारले, कादंबरीची नायिका हॅर्टा, तिच्या शेवटाविषयी तुझे काय मत आहे? मी म्हणालो, 'तो अपरिहार्य होता.' सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या शनिवारनंतर मी तिकडे गेलो नाही. तू जे करायचे म्हणतेस तेच मी केले. पण खरी शिक्षा वेगळीच होती. ते पुस्तक मी पुढे १७ वर्षे उघडले नाही. ज्या पुस्तकाविषयी आपण खोटे बोलतो ते पुस्तक आपल्याला बंद होते, कारण ते हातात दिसले तर कोणी म्हणेल, हे तर तुझे वाचून झाले होते ना? चाळिशीत, ग्रंथालयाचे दार लावल्यावर, मी एकटाच बसून ते पूर्ण वाचले. तेव्हा लक्षात आले की मी वापरलेला तो शब्द जगातल्या कोणत्याही कादंबरीच्या शेवटाला चालला असता. तू महिनाभरात तो इतिहासग्रंथ वाचून काढलास तर त्याच्याशीही हेच होईल. तो वाचायचा असेल तेव्हा वाच, पण दंड भरल्यासारखा वाचू नकोस.

तू म्हणशील, काकांनी आयुष्यभर देवघेवीच्या टेबलामागे बसून पुस्तके दिली, त्यांना हे सांगणे सोपे आहे. सोपे नाही, मुली. ३१ वर्षांत माझ्यासमोरून हजारो पुस्तके गेली आणि आली, आणि नोंदवहीत प्रत्येकाची फक्त जाण्याची आणि येण्याची तारीख राहिली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळते, त्यासाठी तपासणी होते, सभासद किती, ग्रंथ किती, रोजची देवघेव किती, हे सगळे विचारले जाते आणि ते विचारलेही पाहिजे. पण त्या पुस्तकाचे घरी गेल्यावर काय झाले, हे विचारायचे काम माझे होते. मी विचारत असे ते पुस्तक परत आल्यावर, म्हणजे चुकीच्या वेळी. परत करणारा माणूस 'चांगले आहे' म्हणतो आणि दुसरे पुस्तक मागतो. त्याच्या मनातले पान तोपर्यंत उलटून गेलेले असते.

एक सभासद बाई दर गुरुवारी येत. त्यांनी उद्धव शेळके यांची 'धग' नेली होती आणि दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा नियमात मुदतवाढ नव्हती आणि मी पुस्तक ठेवून घेतले. त्या एवढेच म्हणाल्या की, अजून कौतिकजवळच थांबले आहे, पुढे जाववत नाही. नवऱ्याच्या आणि दारिद्र्याच्या ओझ्याखाली संसार ओढणारी वऱ्हाडातली ती कौतिक, १९६० साली छापली गेलेली, आणि समोर एक जिवंत बाई तिच्याजवळ थांबलेली. त्या वेळी मी 'कोणत्या पानावर?' एवढे विचारायला हवे होते. मी शिक्का मारला. पुढे त्यांच्या घरच्यांची बदली झाली आणि त्या गेल्या. माझ्या सगळ्या नोकरीत मी मोडायला हवा होता असा एकच नियम होता, तो मी पाळला.

त्यानंतर मी फळा लावला. तू लहानपणी बालविभागात यायचीस तेव्हा तो तुझ्या उंचीच्या वर होता, म्हणून तुला कदाचित आठवत नसेल. रोज सकाळी मी त्यावर माझ्या हातातल्या पुस्तकाचे नाव, पान आणि एक वाक्य लिहीत असे, आणि खाली सभासदांसाठी जागा मोकळी सोडत असे. कार्यकारिणीतल्या काही जणांना ते आवडले नाही. ग्रंथपालाने स्वतःची आवड सभासदांवर लादू नये, असा त्यांचा आक्षेप होता. आणि सहा-सहा महिने एकाच पुस्तकाचे नाव फळ्यावर राहिल्याने ग्रंथालयाची शोभा होते, असेही मला ऐकवले गेले. फळा काढा असे मला दोनदा सांगण्यात आले आणि मी दोन्ही वेळा काढला नाही. माझा हट्ट चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. लादणे वेगळे आणि उघड करणे वेगळे. मी कोणाला वाचा म्हटले नाही. मी इथे आहे, एवढेच म्हटले. पहिली दोन वर्षे खालची जागा रिकामीच राहिली. मग एके दिवशी एका दहावीतल्या मुलाने तिथे एका रहस्यकथेचे नाव आणि पान लिहिले, आणि त्याच्याखाली एका निवृत्त शिक्षकांनी त्याच लेखकाच्या दुसऱ्या रहस्यकथेचे. ते शिक्षक रहस्यकथा वाचतात हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पुढे ते दोघे बाकावर शेजारी बसून बोलू लागले. ही माणसे एकमेकांना कोणत्या शिफारशीने भेटली असती?

कवी सतीश काळसेकर हेच काम फार वर्षे करत होते. काय विकत घेतले, काय वाचतो आहे, कोणत्या पुस्तकातून कोणत्या पुस्तकाकडे गेलो, हे त्यांनी सदरातून लिहिले; त्याचे 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे पुस्तक झाले आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शीर्षकातला 'वाचणाऱ्याची' हा शब्द नीट बघ. 'वाचलेल्याची' असे त्यांनी म्हटलेले नाही. तुमच्या पिढीत वर्षाअखेरीस ५० पुस्तके, ७० पुस्तके अशा याद्या करतात. त्या करणाऱ्यांचे वाचन मी कमी लेखत नाही, पण त्या याद्या सगळ्या मिटलेल्या पुस्तकांच्या असतात. अर्ध्यात सोडलेले, तिसऱ्यांदा उघडलेले, उशाशी नुसतेच पडून असलेले पुस्तक यादीत बसत नाही, आणि माणूस तर बहुतेक वेळ अशाच पुस्तकांत असतो.

तू विचारशील की पूर्ण वाचून, विचार करून मग बोलले तर काय बिघडते. माझेच सांगतो. मी सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिसऱ्यांदा वाचतो आहे. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या, आपल्या माणसांत राहिल्या, त्या भागात मी आहे. तिशीत वाचताना मी टिळकांच्या बाजूने होतो. त्यांचा शोध, त्यांची तळमळ मला मोठी वाटली होती. आता मला त्यांचा राग येतो आहे. ही बाई काय काय सोसते आणि ते किती हसत सांगते, हे वाचून मी गेले आठ दिवस अस्वस्थ आहे. पुढे ती दोघे पुन्हा एकत्र येतात हे मला माहीत आहे, आणि तिथे पोहोचलो की माझा राग निवळेल हेही माहीत आहे. मग मला कोणी विचारले तर मी शांतपणे सांगेन की, थोर आत्मचरित्र आहे. ते खरेच असेल. पण आजचा हा राग तेव्हा माझ्याजवळ नसेल, आणि लक्ष्मीबाईंना त्या वर्षांत हे मिळून-जुळून आलेले शेवटचे प्रकरण कुठे माहीत होते? त्यांच्याजवळ त्या वेळी जे होते त्याच्या सर्वांत जवळ मी आजच आहे. म्हणून आज सांगतो.

सगळेच सगळ्यांना सांगावे असे मात्र मी म्हणत नाही. काही पुस्तके माणूस एकट्याने वाचतो आणि त्याविषयी गप्प राहतो, तो त्याचा हक्क आहे. दया पवारांचे 'बलुतं' हे दलित आत्मकथन रोज ग्रंथालयातच बसून वाचणारा आणि घरी न नेणारा एक सभासद मला आठवतो. त्याला मी कधी काही विचारले नाही आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. तुलाही रविवारी गप्प बसता आले असते. गप्प राहा, पण दुसऱ्याच पुस्तकाचे नाव घेऊ नकोस.

तेव्हा रविवारी 'बनगरवाडी'ची तीच प्रत ने. मागच्या वेळी दुसरे नाव घेतले होते, हे एका वाक्यात सांगून टाक. त्याचे कारण कोणी विचारणार नाही आणि विचारले तरी देऊ नकोस. मग शेकूच्या बायकोचे ते पान काढ आणि तू गॅलरीत का गेलीस ते सांग. कोणी म्हणाले की हे तर शाळेत वाचले होते, तर त्यांना विचार की आता पुन्हा उघडून बघणार का. आणि घरी आल्यावर मला लिही की तोपर्यंत तू कोणत्या पानावर पोहोचली होतीस.

तुझा,
ग्रंथालयातला काका