तुझ्याशिवाय गाता येईल असं गाणं

प्रिय दोस्ता,

तुझं गाणं चार वेळा ऐकलं. संताप खरा आहे, गळाही बरा आहे. पण चौथ्यांदा ऐकूनही मला एक ओळ गुणगुणता आली नाही. गाडं तिथंच अडलंय.

नऊ कडवी आणि प्रत्येकात जुलमी, क्रूर, रक्तपिपासू! विशेषणांनी सत्ता हलत नाही, फार तर आपलेच लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांची नशा मीही बरीच वर्षं केली आहे, म्हणून सांगतो.

पोर्तुगालचा गायक झुझे अफोन्सो याचं, तिथं हुकूमशाही असतानाचं, १९७१चं 'ग्रांदोला' हे गाणं ऐक. वाद्य एकही नाही. आधी नुसती खडीवर पडणारी पावलं, मग एक आवाज, मग झील धरणारे बाकीचे. कडव्याच्या ओळी लगेच उलट्या क्रमानं परत येतात, त्यामुळे नवखाही थोड्याच वेळात सूर मिसळतो. शब्द म्हणशील तर एका गावाचं वर्णन, कोपऱ्याकोपऱ्यावर भेटणारा मित्र, झाडाची सावली. हुकूमशहाचं नावसुद्धा नाही. फक्त एका ओळीत येतं, की इथं हुकूम चालतो तो लोकांचा. २५ एप्रिल १९७४ला मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी ते रेडिओवर लागलं. बंडातल्या सैनिकांसाठी तो निघायचा इशारा होता. दिवस मावळेपर्यंत राजवट कोसळली.

आता, गाण्यानं राजवट पाडली असं कुठं बोलू नकोस. पाडली ती सैनिकांनी आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी. गाण्यानं वेळ झाली एवढंच सांगितलं.

दक्षिण आफ्रिकेतले वुयिसिले मिनी कामगार संघटनेतले. वर्णद्वेषी सरकारनं १९६४मध्ये त्यांना फाशी दिली, आणि ते गातच फाशीकडे गेले. त्यांची गाणी मागं राहिली, कारण ती घोळक्यानंच म्हणायची होती. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. वही लागत नाही, पेटी लागत नाही. झडती घेतली तर सापडणार काय?

म्हणून असं कर. गाण्याचा गंध नसलेला एखादा माणूस धर. कागद न देता, चालता चालता त्याला ओळ शिकव. दोनदा सांगून तिसऱ्यांदा त्याला आपणहून म्हणता आली तर ठेव, नाहीतर काढून टाक. कितीही आवडती असो.

आणखी एक. तू दार लावून, दिव्याखाली बसून लिहितोस. ती ओळ पोलिसांसमोर म्हणणारा दुसराच कुणीतरी असेल. ती त्याला झेपेल का, हे लिहितानाच स्वतःला विचार. दुसऱ्याच्या जिवावर शूर होणं फार सोपं असतं.

नऊपैकी चौथं कडवं राख. घोषणा ऐकू आल्यावर आई खिडकी लावून घेते आणि मग फटीला कान लावते, ते. त्यात एकही विशेषण नाही, बघितलंस?

पुढच्या खेपेला मला तुझ्या आवाजातलं काही पाठवू नकोस. गाणं दुसऱ्या कुणाला तरी शिकव आणि त्याच्या तोंडून मला ऐकव.