फी पावणेचार लाख, खर्च सव्वाआठ

प्रश्न: मी 36 वर्षांची, धायरीत राहते. हडपसरला एका कंपनीत चार वर्षं अकाउंट्स बघते, हातात 34,000 येतात. ह्यांचा पगार 52,000. घराचा हप्ता 24,500, बाकी घरखर्च 38,000. मुलगी पाचवीत. नोकरी सोडून स्पा थेरपी आणि होलिस्टिक स्किन केअरचा, सिडेस्को या आंतरराष्ट्रीय ब्यूटी-थेरपी संघटनेचा डिप्लोमा करायचं मनात आहे. एक वर्ष पूर्णवेळ, फी 3,20,000 अधिक जीएसटी, किट आणि परीक्षेचे 40,000 वेगळे. नंतर स्पामध्ये 22,000 पासून सुरुवात होते, असं संस्था सांगते. पुढे घरीच एक खोली थाटायची आहे. साडेचार लाखांची एफडी मोडू, पीएफ काढू, की संस्थेचा ईएमआय घेऊ? शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा कोर्स 65,000 मध्ये मिळतो, पण परदेशी सर्टिफिकेट नाही. ह्यांच्या मते हे सगळं फॅड आहे.

उत्तर: ताई, ज्या कामाला बायका दर महिन्याला पैसे मोजतात त्याला मी फॅड म्हणणार नाही. पण पैसे कुठून काढायचे हे ठरवण्याआधी किती लागणार ते मांडू. 3,20,000 वर 18 टक्के जीएसटी, झाले 3,77,600. किट-परीक्षा धरून 4,17,600. शिवाय बारा महिने न आलेला पगार, 4,08,000. तुम्ही अकाउंट्स बघता, तरी हा शेवटचा आकडा पत्रात नाही. तो धरला की कोर्स सव्वाआठ लाखांना पडतो.

एफडी मोडून फी आणि किटचे पैसे भरले की उरतात 32,400. घरात येणार 52,000, जाणार 62,500. दर महिन्याला 10,500 ची तूट, म्हणजे तीन महिन्यांत एफडी संपली. चौथ्या महिन्यात पाटल्या बाहेर निघतात. दागिन्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण अशा बऱ्याच घरांचा चौथा महिना मी पाहिलाय.

पीएफला हात लावू नका. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. संस्थेचा ईएमआय हे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कोर्स अर्धवट सुटला तरी हप्ता सुटत नाही.

आता सर्टिफिकेटचं. सिडेस्को ही 1946 ची संघटना, मुख्यालय झुरिकला, आणि तिच्या डिप्लोमाला वजन आहे. क्रूझवर किंवा आखातात नोकरी शोधणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला मी कदाचित 'घेऊन टाक' म्हटलं असतं. तुम्ही मुलीच्या शाळेच्या वेळा सांभाळून धायरीतच काम करणार. तिथली गिऱ्हाईक भिंतीवरची फ्रेम वाचत नाही; मागच्या फेशियलनंतर चेहरा लाल झाला होता की नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवते. आणि नोकरीच करायची म्हटलं, तर सव्वाआठ लाख घालून पगार 12,000 नी कमी होतो!

राहिली तुमची खोली. समजा फेशियलचे 1,200 घेतलेत, क्रीम-टॉवेल-वीज यांत 300 गेले, उरले 900. आजचा पगार भरून काढायला महिन्याला 38 जणी हव्यात. रोज दीड बाई, सोपं वाटतं. पण नेमानं दर महिन्याला येणाऱ्या थोड्या, दोन-तीन महिन्यांनी उगवणाऱ्याच जास्त. म्हणजे ओळखीच्या ऐंशी-नव्वद जणी लागतील. लग्नसराईत आणि दिवाळीआधी रांग, पितृपक्षात शुकशुकाट. शिवाय टॉवेल रोज धुवायचे, तेही टँकरच्या पाण्यात. माझी बहीण वीस वर्षं पार्लर चालवते. मसाज तिनं बंद केलेत, कारण अंगठे साथ देत नाहीत. छत्तिशीत सुरुवात करताना हाही हिशेब धरा.

मी म्हणेन, 65,000 चा कोर्स करा, नोकरी न सोडता. सध्या दरमहा तुमचे 23,500 शिलकीत पडतात, तीन महिन्यांत फी निघते आणि एफडी जागेवर राहते. फक्त त्यांचं सर्टिफिकेट ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं, म्हणजे या क्षेत्रातल्या कौशल्य परिषदेचं आहे का, ते आधी विचारा. कोर्स झाल्यावर सहा महिने सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी स्पामध्ये हात चालवा, पैसे कमी मिळाले तरी. घरी येणाऱ्यांची वही ठेवा आणि त्यात एकच गोष्ट मोजा: तिसऱ्यांदा कोण आलं. अशा तीस जणी झाल्या की राजीनाम्याचं बोलू. बेड, स्टीमरला पैसे कमी पडलेच, तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणी लागत नाही. सोसायटीची परवानगी मात्र लेखी घ्या. आणि पाटीवर 'पंचकर्म' लिहू नका, वमन-बस्ती ही वैद्यांची कामं.

एक राहिलंच. तुमच्या कंपनीचा आरोग्य विमा असेल, तर तो राजीनाम्याबरोबर जाईल. नोकरीत असतानाच तिघांची स्वतःची पॉलिसी काढून ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.