पाय टेकत नाहीत? आधी सीट बघ, शॉकअप नंतर

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० मोटरसायकलची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, तुझी उंची पाच फूट एक. घाबरू नकोस. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही, एका पायाचा चवडा घट्ट बसला तरी गाडी सावरते.

सुरुवात सीटपासून कर. कुशनवाल्याकडून पुढच्या कडांचा फोम तासून घे. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तिथेच उंची वाया जाते. मधला फोम मात्र फार काढू देऊ नकोस, रत्नागिरीहून मालवणपर्यंत बसायचंय तुला.

मग मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण. सी-स्पॅनरने, म्हणजे सी आकाराच्या पान्याने, एकेक खाच सैल कर, दर वेळी बसून बघ. मागे कुणी बसणार असेल तर पुन्हा घट्ट करायचा, नाहीतर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. शॉकअपला जोडणारी लिंक (पट्टी) बदलून मागची बाजू खाली आणणं मला पटत नाही. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर पोटाखालची जागा लागतेच. शिवाय साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उलट्या बाजूला पडते. मी दाभोळच्या जेटीवर माझी अशीच पडलेली उचलली आहे.

फेरीबोटीच्या उतारावर शेवाळ असतं. तिथे थांबावं लागलं तर चढाकडचा पाय टेक, पुढचा ब्रेक सोडू नकोस. जाड तळाचे बूटही घे, त्यांनी बोटभर उंची सहज मिळते.