या वर्षी अर्ज करू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. रजिस्ट्रेशन हातात पडताच तू नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत स्वतः तपासण्या सांगणाऱ्या आणि औषध सुरू करणाऱ्या नर्सच्या, अभ्यासक्रमाला प्रवेशाची चौकशी सुरू केलीस, हे वाचून फार बरं वाटलं. तरी या वर्षी अर्ज करू नकोस, असंच मी सांगेन.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पदव्युत्तर आणि रेसिडेन्सी पद्धतीचा आहे. बहुतेक वेळ वर्गात नाही, पेशंटजवळ जातो. प्रवेशाला बीएस्सी नर्सिंगनंतर किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, शक्यतो आयसीयूतला. कित्येकींना ही अट जाचक वाटते. मला ती कमीच वाटते. तू दोन वर्षं कर.

का, ते ऐक. नाइट ड्युटी आहे. पेशंटचं बीपी 110/70, मॉनिटर शांत. पण ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या नर्सकडून पेशंट ताब्यात घेताना, तू चार्ट बघतेस. तासाची लघवी आधी 50 मिली, मग 30, आता 20. श्वास मिनिटाला 18 होते, ते 28 झालेत. पांघरूण बाजूला केलंस तर गुडघ्यांवर निळसर डाग उमटलेले, पाय गार. बीपी अजून टिकून आहे, पण हा पेशंट शॉककडे, म्हणजे अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडण्याकडे, निघालाय. पुस्तकात हे सगळं आहे, तू ते वाचलंही असशील. पहाटे तीनला शेजारच्या बेडचा व्हेंटिलेटर ओरडत असताना ते दिसायला मात्र नजर तयार व्हावी लागते, आणि ती बेडसाइडलाच होते.

नर्स प्रॅक्टिशनरला तर याच्याही पुढे जावं लागतं. संस्थेच्या प्रोटोकॉलप्रमाणे तपासण्या सांगायच्या, औषध सुरू करायचं, डॉक्टरांना फोनवर नेमके आकडे द्यायचे. ‘पेशंट जरा बरा वाटत नाहीये’ एवढ्यावर तिचं भागत नाही. म्हणून आतापासूनच प्रत्येक फोनआधी तीन ओळी लिहून काढत जा: काय बदललं, केव्हापासून, तुला काय हवंय.

लेबर रूममध्ये तुझा जीव जास्त रमला, तर मिडवाइफरीतला, म्हणजे प्रसूतीसेवेतला, नर्स प्रॅक्टिशनरचा मार्ग आहे. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो 18 महिन्यांचा आहे.

अमेरिकेचं विचारलंस. ही भूमिकाच तिथली, 1965 मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केलेली. पण आपल्याकडचं शिक्षण घेऊन तिथे थेट नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही. आधी एनसीएलईएक्स ही तिथली परवाना परीक्षा देऊन आरएनचा, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, परवाना, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा, मग त्या-त्या राज्याचा परवाना. प्रमाणपत्राचं नूतनीकरण बहुतेकदा दर पाच वर्षांनी. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करता येईल का, हेही राज्यागणिक बदलतं.

इथे प्रवेश घेण्याआधी एक प्रश्न स्पष्ट विचार: शिकून झाल्यावर या नावाचं पद आहे का, की परत स्टाफ नर्सच? एवढं शिकलेल्या मुलीला त्याच पदावर, त्याच पगारावर बसवतात, याचा मला मनापासून राग येतो. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघ.

आणि नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘स्टाफ नर्स’ लिहून घेऊ नकोस. आयसीयूत कधीपासून कधीपर्यंत होतीस, ते तारखांसकट मागून घे.

तुझी,
मॅडम