कुर्डुवाडीच्या आधीच बॅटरी संपते त्याबद्दल

भावा, तुझी तक्रार थोडक्यात अशी: सेकंडहँड थिंकपॅड टी४८० लॅपटॉप, त्यावर उबुंटू २४.०४ (लिनक्स). सकाळी सोलापूरहून पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसतोस आणि कुर्डुवाडी यायच्या आत बॅटरी मान टाकते. म्हणून वीज वाचवणारे दोन प्रोग्राम, टीएलपी आणि ऑटो-सीपीयूफ्रेक, टाकलेस, आणि वीज मोजणाऱ्या पॉवरटॉपमध्ये सगळ्या सेटिंग ‘गुड’ (म्हणजे वीजबचत चालू) केल्यास. आता बॅटरी होती तेवढीच चालते, वर मशीनही रखडतं.

रखडणारच. टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक आणि उबुंटूचं स्वतःचं वीज सांभाळणारं पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, तिघेही कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) त्याच त्या सेटिंगच्या फायलींमध्ये लिहितात. शेवटी ज्याने लिहिलं त्याचं खरं, आणि चार्जर काढला-लावला की पुन्हा सगळे जागे. एकच ठेव. एरवी मी उबुंटूचंच ठेव म्हणालो असतो, बहुतेकांना ते पुरतं. पण थिंकपॅडवर चार्जिंगची मर्यादा घालायची सोय हवी, म्हणून तुझ्यासाठी टीएलपी. बाकीचे दोन काढून टाक, नुसते बंद करून ठेवू नकोस.

आता सेटिंग सोड आणि बॅटरीकडे बघ. टी४८०ला दोन असतात, एक आत आणि एक मागे खटक्याने निघणारी. आतली नवी असताना २४ वॉट-अवरची असते. मागची लहान असेल तर तीही तेवढीच. यूपॉवर या कमांडमध्ये प्रत्येकीचे ‘एनर्जी-फुल’ (आता किती मावते) आणि ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ (नवी असताना किती मावायची) असे दोन आकडे दिसतात. २४ पैकी १० उरले असतील तर जगातली कुठलीही कमांड ते परत आणणार नाही. सेकंडहँड विकणारा रॅम दाखवतो, एसएसडी दाखवतो, हा आकडा कोणी दाखवत नाही. मागची बॅटरी बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. आतलीसाठी खालचं झाकण उघडावं लागतं.

मग खर्च मोज. चार्जर काढून पॉवरटॉप चालव, पाच मिनिटं थांब आणि एकूण किती वॉट जातात ते कागदावर लिही. प्रत्येक प्रोग्रामसमोरचे आकडे अंदाजाचे असतात, एकूण आकड्यावरच भरवसा ठेव. माझ्या टी४८०वर उजेड कमी, वायफाय चालू आणि हात बांधून बसलो तर साधारण ५ वॉट जातात. हिशोब सोपा आहे: दोन्ही नव्या बॅटऱ्यांचे मिळून ४८ वॉट-अवर भागिले ६ वॉट म्हणजे आठ तास, पुण्याला जाऊन परत सोलापूरपर्यंत. भागिले १६ वॉट म्हणजे तीनच तास. एक बदल कर, मोज, फरक दिसला तर ठेव. मी पहिल्या वर्षी एका रात्रीत पंधरा बदल केले होते. सकाळी माउस दर दोन सेकंदांनी झोपायचा आणि कशामुळे ते कळायला आठवडा गेला. (यूएसबी ऑटोसस्पेंड. पॉवरटॉपचं ‘सगळं गुड’ हेच करतं.)

प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या गव्हर्नरचं ‘पॉवरसेव्ह’ हे नाव बघून तू घाबरला आहेस, त्याची गरज नाही. इंटेलच्या या ड्रायव्हरमध्ये ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे प्रोसेसर तळाला बांधून ठेवणं नव्हे. कामाप्रमाणे वेग वरखाली होतोच. रखडण्याचं कारण बहुधा टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होणं, नाहीतर एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स (वेग हवा की बचत, ते सांगणारी सेटिंग) नुसत्या ‘पॉवर’वर जाणं. बॅटरीवर ‘बॅलन्स पॉवर’ ठेव. टर्बो चालू राहू दे, काम पटकन उरकून प्रोसेसर झोपलेला बरा. मे महिन्यात ४३ अंशांत तासभर कंपाइलसारखं जड काम लावणार असशील तेवढा वेळ टर्बो बंद कर, पंख्याला आराम.

खरा चोर वेगळाच आहे, आणि तू गाडीत लेक्चरचे व्हिडिओ बघतोस म्हणालास तेव्हाच मला शंका आली. या आठव्या पिढीच्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग एच.२६४ आणि व्हीपी९ हे व्हिडिओचे प्रकार स्वतः उलगडतो, पण एव्ही१ हा प्रकार त्याला येत नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवलं की सगळा भार प्रोसेसरवर. फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिग या सेटिंगच्या पानावर एव्ही१ बंद कर, इंटेलचा मीडिया ड्रायव्हर बसवलेला आहे ना ते बघ, आणि व्हिडिओ चालू असताना ग्राफिक्सचं काम दाखवणाऱ्या इंटेल-जीपीयू-टॉपमध्ये ‘व्हिडिओ’ची रेघ हलते का तपास. हलली नाही तर बाकी सगळी खटपट वाया. माझ्याकडे एवढ्या एका गोष्टीने जेवढा फरक पडला, तेवढा टीएलपीच्या सगळ्या ओळींनी मिळून पडला नाही.

स्लीपमध्ये बॅटरी उतरते का ते तू लिहिलं नाहीस. कर्नलच्या मेम-स्लीप या फायलीत ‘डीप’ला कंस असेल, म्हणजे गाढ झोप निवडलेली असेल, तर विषय संपला.

पंखा ओरडतो ते मात्र सॉफ्टवेअरचं नसावं. मी अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडला लागून बसतो. सुताची लव हवेत असतेच. एकदा झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीवर चादर विणलेली होती म्हण ना. ब्रशने ती काढली आणि चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) बदलली, त्या दिवसापासून पंखा गप्प. गरम चिप जास्त वीज गळू देते, म्हणजे हीही बचतच. तुझं घर कुठल्या भागात आहे माहीत नाही, पण सोलापूरची धूळ कोणाला सोडत नाही.

शेवटचं चार्जिंग. दिवसभर लॅपटॉप चार्जरला लावून असतो, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. भरलेली बॅटरी गरम राहिली की लवकर म्हातारी होते. टीएलपीमध्ये चार्जिंग ७५ टक्क्यांना सुरू, ८०ला बंद अशी मर्यादा घाल, दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळी. गाडीच्या आदल्या रात्री टीएलपीची मर्यादा बाजूला ठेवून पूर्ण भरणारी ‘फुलचार्ज’ कमांड चालव, तेही दोघींची नावं देऊन दोनदा. एकदाच चालवलंस तर एकच भरेल आणि दोष मला देशील.

बॅटऱ्यांचे चार आकडे आणि पॉवरटॉपचा एक, एवढे लिहून कळव. मागची बॅटरी बदलायची की नाही ते त्यावरून सांगतो.