शेतातल्या मोटारीची केबल चोरीला गेली. गावातले म्हणतात पोलिसांत जाऊन उपयोग नाही, गावातच बघून घेऊ. ठाण्यात जावं की ११२ लावावा?

ठाण्यात जा. ११२ चोरी चालू असताना लावायचा, होऊन गेल्यावर नाही. तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर एवढंच. पण 'गावातच बघून घेऊ' हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला गप्प बसवेना. गावात कसं बघून घेतात ते मी बघितलंय.

आमची केळी आहे, सातपुड्याच्या पायथ्याला. घरधनी सुरतेला नोकरीत, शेती मी बघते. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) पहाटे ट्यूबवेलवर गेला तर केबल कापून नेलेली, स्टार्टर पेटीतून उचकटलेला. त्याच रात्री कालव्याच्या पाटचारीच्या अंगाने आणखी बऱ्याच जणांच्या केबली गेल्या. रात्री लाईट नसते तेव्हाच हे लोक येतात, तारेत करंट नाही हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक असतं. जूनमध्ये लावलेल्या मृगबागेचे घड भरणीवर, ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं आणि पाणी बंद. केळीवाल्यांना यापुढे काही सांगायला नको.

दुपारी पारावर सगळे जमले. मी निरोप धाडला की सगळ्यांनी मिळून तक्रार देऊ. थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत, आमच्याकडे तशीच रीत आहे. ते घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "माय, सांग तिले, केबलीसाठी ठान्यात जातं का कोनी? अन् तेबी बाईमानसानं?" पोलीस पाटीलही म्हणाले की आपसात बघू. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं बोलणं एकाच जागी येऊन थांबलं होतं. पाटचारीपलीकडे पावरा आदिवासी मजुरांच्या झोपड्या आहेत, केळी कापणीला येतात. त्यातल्या एका पोराने नवा मोबाइल घेतला होता. पुरावा म्हणाल तर तेवढाच.

रात्री जेवणं आटोपली आणि सालदाराची बायको धावत आली. झोपड्यांकडे मोटारसायकली गेल्या होत्या, काठ्या-बॅटऱ्या घेऊन. दीरही त्यात होते.

मी तेव्हा ११२ लावला. का लावला हे कोणी विचारलं की मी राईनपाड्याचं नाव घेते. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आली अशी मोबाइलवर अफवा, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, सोलापूरकडून पोटासाठी आलेली. हे आपल्या खान्देशात घडलंय. तिथल्या जमावातही बहुतेक जण घरी चांगलेच असतील, पोराबाळांचे बाप असतील. चांगली माणसं रात्री काठी घेऊन एकत्र निघाली की पुढे काय होईल ते त्यांच्याही हातात राहत नाही.

फोन कसा करायचा तेही सांगते, कारण लोक तिथेच गडबडतात. ११२ चा फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही. तो आधी राज्याच्या केंद्रात जातो, नवी मुंबईला किंवा नागपूरला, आणि तिथून तुमच्या जवळच्या गाडीला निरोप येतो. उचलणाऱ्याला तुमचं शिवार माहीत नसतं. नुसतं 'पिंपळगाव' म्हटलं तर कुठलं? 'जळगाव' म्हटलं तरी आपलं की बुलढाण्यातलं जळगाव जामोद, हे विचारावं लागतं. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण. मी जिल्हा-तालुका-गाव सांगून म्हटलं, पाटचारीच्या पुलावरून डाव्या हाताला झोपड्या आहेत, वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन आहेत, एका पोराला मारायला निघालेत. कोण आहेत, कशासाठी आहेत, ती कथा सांगत बसले नाही. फोन चालू ठेवला, कारण ते परत फोन करतात. पूर्वीचा १०० नंबर लावला तरी तो आता इथेच जोडला जातो. तरी आपल्या ठाण्याचा नंबर मोबाइलमध्ये वेगळा ठेवा. मी दोन्हीकडे केला.

गाडी आली. पोराला चार-दोन थपडा बसल्या होत्या, त्यापुढे गेलं नाही. दिवे दिसताच निम्मी माणसं केळीत शिरली. हवालदाराने विचारलं, चोरीची तक्रार कोणाची आहे? एकही माणूस पुढे झाला नाही. ज्यांची केबल गेली म्हणून हे सगळं चाललं होतं, ते तिथेच उभे असून माझी गेली म्हणायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेले. बचत गटातल्या एका ताईंना सोबत घेतलं. अंमलदार म्हणाले, "ताई, अर्ज देऊन जा, बघतो." आता हे नीट वाचा, कारण आपली माणसं इथेच फसतात. अर्ज वेगळा, एनसी वेगळी, एफआयआर वेगळा. नुसता अर्ज दिला तर गुन्हा दाखल झालेला नसतो. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिचा तपास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस करूच शकत नाहीत. लोक एनसीचा कागद घडी करून खिशात ठेवतात आणि आपली केस झाली म्हणून वर्षभर वाट बघतात. सहीआधी विचारा, हे नेमकं काय आहे?

आणि बिल न्या. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, त्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली जाते. जुनी केबल म्हणून कोणी अंदाजे तीन-चार हजार लिहिले की तुमचं प्रकरण एनसीत गेलं. माझ्याकडे केबल आणि स्टार्टर दोन्हींचं बिल होतं, स्टार्टरवरचा नंबरही त्यात होता. ते समोर ठेवलं आणि म्हटलं, दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर घ्या. अंमलदार म्हणाले, साहेब नाहीत. मी म्हटलं, बसते. दुपार झाली तरी काही हालेना, तेव्हा सांगितलं की पोच देत नसाल तर हाच मजकूर रजिस्टर पोस्टाने एसपी साहेबांना पाठवते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो मार्ग स्पष्ट दिलाय, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुढे मॅजिस्ट्रेट आहेत. सुप्रीम कोर्टानेही २०१३ च्या ललिता कुमारी निकालात म्हटलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर नोंद करावीच लागते. आवाज चढवला नाही, चढवायची गरजही नसते. साहेब आले, फिर्याद लिहून घेतली, प्रत फुकट मिळाली. प्रत फुकट देणं हाही कायदाच आहे, झेरॉक्सचे पैसे देऊ नका.

साहेबांनी विचारलं, संशय कोणावर? मी लिहून दिलं, अज्ञात. गावातून मला दोन-तीन निरोप आले होते की त्या पावऱ्याच्या पोराचं नाव घाल. मी जे डोळ्यांनी बघितलं नाही ते माझ्या सहीखाली जाणार नाही. तुम्हीही हेच करा. खोटं नाव घालणं हा स्वतःच एक गुन्हा आहे, आणि त्या माणसाच्या अंगावरून ते नाव पुढे पुसलं जात नाही.

पंचनाम्याला पंच मिळेनात. अख्ख्या शिवारात कोणी सही करायला तयार नाही. शेवटी सोबत आलेल्या ताई आणि शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे बाबा उभे राहिले. दीर बांधावर येऊन परत गेले. तोवर मी पेटीला हात लावला नव्हता, पाणी शेजाऱ्याच्या ट्यूबवेलवरून घेतलं. तुम्ही घाईने नवी केबल जोडली असेल तर निदान कापलेल्या टोकांचे फोटो काढलेत का ते बघा.

पुढे काही महिन्यांनी दुसऱ्याच तालुक्यात एक टोळी सापडली. मालवाहू रिक्षा घेऊन फिरायची, केबली जाळून तांबं भंगारात घालायची. आमच्या शिवाराशी किंवा झोपड्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. माझा स्टार्टर नंबरावरून ओळखला गेला आणि कोर्टाच्या हुकुमाने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करायच्या हमीवर, घरी आला. केबलीचं तांबं झालं होतं, ते गेलंच. तिथे आणखीही स्टार्टर पडले होते, बघताक्षणी कळावं असे आमच्याच गावचे. पण त्यांची फिर्यादच नव्हती, मग देणार कोणाला? माझा सगळा वाद एवढ्यासाठीच आहे. ठाण्याच्या कागदांवर आमच्या शिवारात कित्येक वर्षं एकही चोरी झालेली नव्हती. मग रात्रीची गस्त आमच्याकडे का म्हणून यावी? 'पोलीस काही करत नाहीत' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांकडे एफआयआरची प्रत आहे ते विचारून बघा.

दीर मात्र आजही म्हणतात की मी घरच्या माणसांवर पोलीस घातले. कानबाईच्या उत्सवात रोटांच्या जेवणाला आम्हाला बोलावणं येत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं, कारण कानबाई सगळ्या भाऊबंदांनी मिळूनच व्हायची. पण मी फोनवर कोणाचंही नाव सांगितलं नव्हतं, फक्त जागा सांगितली होती. ती गाडी जशी त्या पोरासाठी आली तशी दिरांसाठीही आली. त्या पोराचं काही बरंवाईट झालं असतं तर आज दीर कुठे असते? पारावर बसून मला नावं ठेवत नसते. आणि राहिली बाईमाणसाची गोष्ट. साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावताच येत नाही, ती राहते तिथे येऊन जबाब घ्यावा लागतो, त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ बघा. साठीपुढच्या माणसांनाही तेच लागू आहे, म्हणजे आता आमच्या दिरांनाही. माझा पुरवणी जबाब हवालदारांनी ओट्यावर बसून घेतला. गावाने तोही बघितला आणि कोणाची अब्रू गेली नाही.

सगळी ठाणी सारखी नसतात हे मान्य. मला साहेब बरे भेटले. तुम्हाला नाही भेटले तर एसपी कार्यालयाचा रस्ता वर लिहिलाच आहे. शिवाय तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे. चोरी त्यात बसू शकते. तेव्हा 'चौदा दिवस थांबा' म्हणाले तर ती थाप असेलच असं नाही, पण तोवर अर्जाची पोच हातात हवी. पोलीस पाटलांना कळवा, १९६७ च्या कायद्याने ठाण्याला खबर देणं हे त्यांचं कामच आहे. पण त्यांच्या कानावर घातलं म्हणजे तक्रार झाली असं समजू नका.

तुम्ही विचारलं नाही तरी तीन गोष्टी घालते, कारण यातही लोक वाट बघत बसतात. पोर हरवलं तर चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही, त्याच घटकेला ठाण्यात जा. मोबाइलवरून फसवून पैसे गेले तर आधी १९३० ला फोन, ठाणं नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात. आणि भुसावळच्या गाडीत बॅग गेली आणि कोणी म्हणालं की हद्द आमची नाही, तर शून्य क्रमांकाने गुन्हा घ्या म्हणावं. हद्दीवरून परत पाठवता येत नाही.

तुमची केबल कधी गेली ते तुम्ही लिहिलं नाही. उशीर झाला असला तरी जा, फक्त उशीर का झाला ते फिर्यादीत लिहा, नाहीतर पुढे वकील तिथेच बोट ठेवतो. बिल सापडत नसेल तर जिथून घेतली त्या दुकानदाराकडून दुसरी प्रत काढा. त्याच रात्री आणखी कोणाकोणाच्या गेल्या तेही विचारा आणि त्यांना सोबत न्या. कोणी आलं नाही तर एकट्याची द्या.